मीठ आधीच पडलेलं असतं

रक्तदाबाच्या आहारावर या सदरात लिहिलं, तेव्हापासून येणाऱ्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: घरचं मीठ आवरलं, पण बाहेर जेवायची वेळ आली की काय करायचं? म्हणून या वेळची सगळी उत्तरं त्याच प्रश्नाला दिली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्या यजमानांचं वय ६२ आहे. हृदयाचं पंपिंग कमी झालंय म्हणून डॉक्टरांनी दिवसाला २ ग्रॅम सोडियम सांगितलंय. घरी मी काटेकोर पाळते. पण रविवारी सकाळी ते फिरायच्या ग्रुपबरोबर मिसळ खायला जातात. वेटरला 'मीठ कमी टाका' असं आवर्जून सांगतात, तोही 'हो काका' म्हणतो. तरी सोमवारी पाय सुजलेले असतात. त्यांचं जाणं बंद करू का?
(एक वाचक भगिनी, सातारा)

जाणं बंद करू नका. हृदय कमजोर झालेल्या माणसाला सकाळचं चालणं आणि सोबतची माणसं दोन्ही हवीत. बदलायचं आहे ते त्यांच्यासमोरच्या ताटातलं.

आधी आकडा नीट समजून घेऊ, कारण इथे खूप घरांत घोटाळा होतो. २ ग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ नव्हे. मिठाच्या वजनात सोडियम साधारण ४० टक्के असतं, त्यामुळे २ ग्रॅम सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ. चहाच्या सपाट चमच्यात सहाएक ग्रॅम मीठ मावतं, म्हणजे चमचाही पूर्ण भरायचा नाही. यात पावातलं, पापडातलं, बिस्किटातलं सगळं आलं. जागतिक आरोग्य संघटना आणि आपली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) धडधाकट माणसालाही एवढंच मीठ सांगतात, तेव्हा तुमच्या यजमानांना काही जगावेगळं पथ्य दिलेलं नाही.

आता वेटर. तो खोटं बोलत नाही, त्याच्या हातात काही नसतं. सांगलीत माझ्या वडिलांची खानावळ होती आणि शाळेची वेळ होईपर्यंत मी भटारखान्यातच असायचे. वस्ताद पहाटे कांदा परतायला घ्यायचे. कांदा लवकर मऊ पडावा म्हणून पहिली मूठ मीठ तिथेच पडायची. मटकी शिजताना दुसरी. वाटण घालून कट उकळला की चव बघून तिसरी, आणि ती जरा सढळच, कारण वर बटाटा, फरसाण, कांदा पडल्यावर आणि पाव बुडवल्यावर कट फिका लागता कामा नये. पहिलं गिऱ्हाईक टेबलावर बसायचं तोवर मिठाचं काम आटोपलेलं असायचं. मग वेटरनं आत 'एक मीठ कमी' अशी हाक दिली तरी वस्ताद तरी काय करणार? पातेल्यात पडलेलं मीठ काही काढून घेता येत नाही.

मिसळीत तर मीठ चार ठिकाणांहून येतं: कट, उसळ, फरसाण आणि पाव. पाव गोडसर लागतो म्हणून त्याचा कुणी विचार करत नाही, पण त्याच्या पिठातही मीठ असतंच. शिवाय सँपलची वाटी पुन्हा पुन्हा भरून मिळते, ती पाचवी जागा. आणि इतकं तिखट खाऊन जळजळ झाली की माणसं इनोची पुडी पाण्यात टाकून पितात. ५ ग्रॅमच्या त्या एका पुडीत आठशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, म्हणजे दिवसाच्या वाट्याचा जवळजवळ ४० टक्के भाग औषध म्हणून पोटात जातो. तुमचे यजमान पुडी घेतात का, ते जरूर विचारा.

मी माझ्या रुग्णांना हॉटेलात एकच गोष्ट विचारायला सांगते: 'कशात अजून मीठ पडलेलं नाही?' वेटरला याचं उत्तर बहुतेक वेळा देता येतं, नाहीतर तो आत जाऊन विचारून येतो. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत सहसा मीठ नसतं. साधा भात बहुतेक ठिकाणी बिनमिठाचा असतो. उकडलेलं अंडं, साधं दही, चिरलेला कांदा-काकडी-टोमॅटो, लिंबू, दूध, फळं यांत मीठ नसतं, फक्त वरून काही भुरभुरू देऊ नका. ऑम्लेट समोरच फेटून होतं, म्हणून ते बिनमिठाचं मिळतं. खानावळीत तुरीची डाळ आधी नुसती हळद-हिंग घालून शिजते आणि मीठ बऱ्याचदा फोडणीच्या वेळी पडतं. दुपारी जरा लवकर, साडेअकराच्या सुमाराला गेलात, तर फोडणीआधीचं घट्ट वरण वाटीत काढून मिळू शकतं. वर तूप, लिंबू, बारीक चिरलेली हिरवी मिरची. उत्तम जेवण होतं.

याउलट पंजाबी भाज्यांचं सगळं मिठावरच उभं असतं. लाल, पिवळी, पांढरी ग्रेव्ही सकाळीच पातेलीभर करून ठेवलेली असते, ऑर्डर आली की त्यात पनीर किंवा भाज्या पडतात. तंदूरचं पनीर-चिकन आदल्या रात्रीपासून मिठात मुरलेलं असतं. नान आणि भज्यांत मिठाबरोबर सोडाही असतो, आणि सोडा म्हणजेही सोडियमच. चायनीजच्या वाटेला तर जाऊच नका. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात नऊशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, त्यावर मीठ आणि अजिनोमोटो वेगळं.

सांगताना 'कमी' हा शब्द वापरू नका. प्रत्येक आचाऱ्याचं 'कमी' वेगळं असतं आणि गर्दीच्या वेळी तो शब्द आत पोहोचेपर्यंत गळूनही पडतो. असं सांगा: 'डॉक्टरांनी मीठ बंद केलंय. ऑम्लेट अजिबात मीठ न घालता करा. वरून चाट मसालाही नको.' चाट मसाला, जलजिरा, उसाच्या रसावरचा मसाला, काकडीवर भुरभुरलेलं काळं मीठ, हे सगळं त्याच हिशेबात धरायचं.

तेव्हा रविवारी यजमानांनी ग्रुपबरोबर जरूर जावं. बाकीच्यांनी मिसळ मागवावी, यांनी दही आणि बिनमिठाचं ऑम्लेट घ्यावं, नाहीतर घरून खाऊन निघावं आणि तिथे चहा प्यावा. हृदयाची अवस्था पाहता मिसळ त्यांना सोडावीच लागेल, यात मी सूट देणार नाही.

सूज का येते, तेही त्यांना सांगा, म्हणजे पथ्य पटेल. दवाखान्यात लावतात त्या साध्या सलाइनमध्ये लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं. आपलं रक्तही खारटपणात जवळपास तसंच. म्हणजे जास्तीचं ९ ग्रॅम मीठ शरीरात अडकलं, तर ते सौम्य ठेवायला सुमारे लिटरभर पाणी शरीर धरून ठेवतं. तेच पाणी पायावर दिसतं, काट्यावर दिसतं आणि कमजोर हृदयाला ओढावं लागतं. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा आडवं पडल्यावर दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, हिंजवडीत नोकरीला आहे. कंपनीच्या तपासणीत रक्तदाब १५०/९६ निघाला आणि टेल्मिसार्टन सुरू झालं. दुपारी कॅन्टीन, रात्री मेस. सोबतचे म्हणतात की सैंधव मीठ वापरलं तर काही होत नाही. दुसऱ्या एकानं 'लो सोडियम' मिठाची डबी खिशात ठेवायला सांगितलं. यातलं काय करू?
(एक वाचक, पुणे)

सैंधव, काळं मीठ, समुद्री मीठ, गुलाबी मीठ ही सगळी मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहेत. रंग आणि वास बदलतो, रक्तदाबाला काही फरक पडत नाही. उपासाला चालतं म्हणून सैंधव हलकं असा समज घरोघरी आहे आणि त्यापायी माणसं सढळ हातानं ते घालतात.

लो सोडियम मिठाची गोष्ट वेगळी आणि खरी आहे. त्यात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं. तो अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र तुमच्या पत्रातला एक शब्द मला थांबवतो: टेल्मिसार्टन. हे औषध रक्तातलं पोटॅशियम वाढवू शकतं. रक्तदाब-हृदयासाठी देतात ती रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधंही वाढवतात. मूत्रपिंड नीट काम करत नसेल तर पोटॅशियम साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच ती डबी घ्या. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी तर ते मीठ मनानं कधीच वापरू नये.

आणि खिशात ठेवून उपयोग कितीसा? कॅन्टीनच्या भाजीत साधं मीठ पडलेलंच असतं, त्यावर तुम्ही दुसरं मीठ घालणार. असं मीठ स्वयंपाकघरात बदलायचं असतं. खिशात ठेवायचंच असेल तर मिरपूड, जिरेपूड, भाजलेले तीळ किंवा जवस कुटून ठेवा, आणि सोबत एक लिंबू. चटणी पुडीची विकत आणाल तर त्यातही मीठ असतं, म्हणून घरी करा.

मेसमध्ये मात्र तुमचा जोर चालतो, कारण तुम्ही रोजचं गिऱ्हाईक आहात. मेसवाल्या मावशींशी गर्दी नसताना बोला. एका माणसाची भाजी वेगळी करणं त्यांना परवडणार नाही, पण चपातीच्या कणकेत मीठ न घालणं त्यांना सहज जमतं, आणि इतर कुणाच्या ते ध्यानातही येत नाही. भाजीतला रस्सा ताटातच ठेवून फोडी खा. आमटी अर्धी वाटी. लोणचं, पापड, ठेचा नाही. एवढ्यानेही बराच फरक पडेल.

ज्यांच्या दहा किंवा त्याहून जास्त शाखा आहेत अशा हॉटेलांना मेन्यूवर कॅलरी लिहाव्या लागतात. सोडियम तिथे दिसत नाही, पण काही साखळ्या वेबसाइटवर देतात. पाकिटबंद खाण्यावर मात्र छापलेलं असतंच. तो मिलिग्रॅमचा आकडा अडीचनं गुणला की मीठ किती ते कळतं: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, तेवढं बघून घ्या.

सुरुवातीचे काही आठवडे सगळं बेचव लागेल. जिभेला सवय व्हायला वेळ लागतो, पण होते. माझ्याकडे येणारे बरेच जण दोन-तीन महिन्यांनी सांगतात की आता हॉटेलची भाजी खारट लागते.

प्रश्न : आमच्या कोल्हापुरात पाहुणे आले की मटण थाळीला पर्याय नाही. मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी मीठ तोडलंय. मी तांबडा सोडून फक्त पांढरा रस्सा आणि अळणी पाणी घेतो. तेवढं चालेल ना?
(एक वाचक, कोल्हापूर)

नाही, चालणार नाही, आणि हे लिहिताना मला वाईट वाटतंय. मटण पहिल्यांदा शिजतं तेच हळद, आलं-लसूण आणि मीठ घालून. त्याचं जे पाणी निघतं तेच अळणी पाणी. त्यात तिखट-मसाला नसतो, मीठ असतं. पुढे नारळाचं दूध घालून त्याचाच पांढरा होतो आणि चटणी घालून तांबडा. शिवाय रस्सा हवा तेवढा मिळतो, हीच मुख्य अडचण आहे. वाट्या मोजल्या जात नाहीत.

घरगुती खानावळ असेल तर आदल्या दिवशी फोन करा आणि एका माणसाचं मटण मीठ न घालता छोट्या कुकरला वेगळं शिजवायला सांगा. कोल्हापूरची खानावळवाली माणसं आजाऱ्याचं ऐकतात, असा माझा अनुभव आहे. मोठ्या हॉटेलात हे होणार नाही. तिथे भाकरी, उकडलेलं अंडं, कांदा-लिंबू घ्या आणि सुक्क्यातले एक-दोन तुकडे मसाला बाजूला सारून चवीला. मटण-अंडं दिवसाला किती, हेही मूत्रपिंडाच्या रुग्णाला ठरवून दिलेलं असतं. तो आकडा मिठाइतकाच पाळा.

कोकणात गेलात तरी हाच हिशेब लावा. सुरमईचे तुकडे सकाळीच मीठ, हळद आणि आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लावून ठेवलेले असतात, आगळ मुळात मीठ घालूनच टिकवतात, आणि तेच सोलकढीतही जातं. कापायच्या आधी सांगितलं तर ताज्या तुकड्याला नुसतं लिंबू, हळद, तिखट लावून भाजून देतात. खारा बांगडा आणि सुकट तुमच्यासाठी पूर्ण वर्ज्य.

प्रश्न : माझ्या सासूबाई ७० वर्षांच्या आहेत, रक्तदाब वरचेवर वाढतो. आता लग्नसराई. त्यांना चारचौघांत 'मला मीठ चालत नाही' म्हणायचा संकोच वाटतो, आणि आग्रहाला तर त्या नाही म्हणूच शकत नाहीत. परवा एका लग्नाहून आल्या त्या १८० रक्तदाब घेऊनच.
(एक वाचक भगिनी, डोंबिवली)

त्यांचा संकोच मी समजू शकते. त्यांच्या पिढीतल्या बायकांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पथ्यं सांभाळली, स्वतःचं पथ्य बोलून दाखवायची सवयच लागली नाही. म्हणून हे काम तुम्ही करा. लग्नघरच्या एखाद्या वहिनी-मावशींना आदल्या दिवशी फोन करून सांगा की आईंसाठी वाटीभर वरण मीठ पडायच्या आधी काढून ठेवायला आचाऱ्याला सांगा. शेकड्यांनी पानं उठणाऱ्या लग्नात आचारी भाजी वेगळी करणार नाही, पण एक वाटी वरण झाकून ठेवणं त्याला अवघड नाही. साधा भात, ते वरण, तूप आणि लिंबाची फोड. पोटभर होतं.

पंगत असेल तर सासूबाईंना लक्षात ठेवायला सोपं आहे: पानाची डावी बाजू वाढूनच घ्यायची नाही, फक्त लिंबू घ्यायचं. मीठ, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड-कुरडई सगळं त्याच बाजूला येतं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, म्हणजे पुन्हा सोडियम. कोशिंबीर साधी वाटते, पण मीठ लावून तिला पाणी सुटलेलं असतं. उजवीकडची भाजी एकदाच, चमचाभर. मसालेभात आणि मठ्ठा नको. गोडाला साखरेचं पथ्य नसेल तर श्रीखंड किंवा बासुंदी वाटीभर घ्यायला हरकत नाही.

आग्रहाला शब्दानं उत्तर द्यायला लागूच नये. वाढपी वाकला की त्याच वेळी हात पानावर आडवा धरायचा आणि हसायचं. डाव पानावर टेकल्यानंतर 'नको नको' म्हणून काही होत नाही. बुफे असेल तर तुम्ही ताट भरून त्यांच्या हातात द्या. आणि निघण्यापूर्वी घरी त्यांना काहीतरी खायला घाला. भुकेल्या पोटी मांडवात बसलं की पहिला हात पापडावर जातो.

१८० हा आकडा मात्र एका जेवणावर ढकलू नका. औषधाची वेळ लग्नाच्या गडबडीत चुकली होती का ते बघा, आणि या आठवड्यातच डॉक्टरांना दाखवा. इतक्या रक्तदाबाबरोबर छातीत दुखलं, दम लागला, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय जड वाटला, तर घरी थांबायचं नाही, थेट रुग्णालयात न्यायचं.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला निघालोय. विमानातलं जेवण खारट असतं म्हणतात. डबा नेऊ का?
(एक वाचक, नाशिक)

डबा न्या, पण तो विमानतळावर किंवा विमानातच संपवा. अमेरिकेत उतरताना फळं, भाज्या, मांसाचे पदार्थ बाळगले तर अडचण होते. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमान कंपन्या कमी मिठाचं जेवण देतात. त्याला 'एलएसएमएल' असा कोड आहे. तिकिटाबरोबरच नोंदवा, निदान निघण्याआधी दोन दिवस तरी. हे जेवण शाकाहारी मिळेलच असं नाही, तेव्हा फोनवर बोलून दोन्ही गोष्टींची खात्री करून घ्या. विमानात टोमॅटोचा रस आणि खारे दाणे घेऊ नका.

प्रश्न : माझं वय ७१. मुलाबरोबर वरचेवर बाहेर जेवावं लागतं, म्हणून त्याची भरपाई म्हणून घरी मीठ पूर्ण बंद केलंय. लघवीची गोळी चालू आहे. हल्ली उभं राहिलं की चक्कर येते, गळून गेल्यासारखं होतं, मुलगा म्हणतो बोलताना मी विसरतो. वयामुळे असेल का?
(एक वाचक, जळगाव)

वय म्हणून सोडून देऊ नका. उद्याच डॉक्टरांकडे जा आणि रक्तातलं सोडियम तपासायला सांगा. ते साधारण १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवं. लघवीच्या गोळीनं उतारवयात ते खाली येऊ शकतं, आणि त्यात घरचं मीठ शून्यावर आणलं, वर पाणी भरपूर प्यायलं, की चक्कर, ग्लानी, गोंधळ सुरू होतो. हे धोक्याचं असतं आणि वेळेवर कळलं तर सुधारतं. गोळी मनानं बंद करू नका, आणि मनानं मिठाचं पाणीही पिऊ नका. चिरंजीवांना बरोबर न्या, म्हणजे विसरण्याबद्दल तेच डॉक्टरांना सांगतील. सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून न्या. मीठ किती घ्यायचं हे रिपोर्ट बघून ठरेल. तोवर घरचं जेवण नेहमीसारखं बेताच्या मिठाचं घ्या, आणि बाहेरचं जेवण तेवढे दिवस थांबवा.